टाकीवर वाचलेला पेपर

“सर, हा माझा पेपर न्हाई.”

शालन सपकाळ उभी राहून हे म्हणाली, तेव्हा मी फळ्यावर परीक्षेची वेळ लिहीत होतो. खडू तसाच हातात धरून मी मागं वळलो. वर्गात बाकांच्या रांगाच रांगा, आणि परीक्षार्थी ही एकटी. आमच्या जंगम क्लार्कनं तिचा नंबर नेमका मधल्या बाकावर चिकटवला होता, त्यामुळे ती रिकाम्या एसटीत मधल्याच सीटवर बसलेल्या प्रवाशासारखी दिसत होती.

“वरचा विषय बघितला का?” मी विचारलं.

“बघितला. समाजशास्त्र, जुना अभ्यासक्रम. नाव बरोबर हाय. खालचे प्रश्न माझे न्हाईत.”

माझ्या नोकरीत मी शेकडो परीक्षा घेतल्या. दर परीक्षेला एखादा तरी ‘हे अभ्यासक्रमात नव्हतं’ म्हणतोच, आणि बहुतेक वेळा अभ्यासक्रमात असतं, अभ्यासात नसतं. म्हणून मी जरा कडक आवाजात म्हणालो, “शालनताई, नीट वाचा. घाबरल्यावर ओळखीचं माणूसही परकं वाटतं.”

“घाबरले न्हाई, सर. वाचलाय पुरता.” ती खाली बसली, पण पेन उघडलं नाही.

निवळीचं आमचं कॉलेज धरणाच्या फुगवट्यापलीकडं होतं. गाव पाण्यात गेलं तेव्हा वस्ती खाडीसारख्या पसरलेल्या पाण्याच्या पलीकडच्या काठाला सरकली आणि कॉलेजची इमारत मात्र मोकळ्या माळावर बांधली गेली. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. मुलं लाँचनं यायची आणि लाँचनं जायची. मी तेवढा इमारतीमागच्या खोलीत राहायचो. बायको साताऱ्याला असायची. आमचं भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढंही काही उरलं नव्हतं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या की दिवसचे दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

अशा ठिकाणी विद्यापीठाचे पेपर पूर्वी सीलबंद पाकिटातून, लाँचमधून, पोलिसासोबत यायचे. मग एक वर्षी कुठंतरी पेपर फुटला आणि विद्यापीठानं नवी पद्धत आणली. पेपर काढणारे प्राध्यापक आपल्या कॉम्प्युटरवरच पेपरला कुलूप लावणार, तो कुलपासकट नेटवरून आमच्याकडं येणार आणि परीक्षेच्या आधी थोडा वेळ माझ्या मोबाईलवर उघडायचा आकडा येणार. तोवर कुणी मधेच तो पेपर पळवला तरी त्याच्या हाती नुसता कचरा. मी एकदा कुतूहलानं आकड्याशिवाय फाईल उघडून पाहिली होती. टाईपरायटरवर मांजर नाचवल्यासारखी अक्षरं पानभर पसरली होती. मला फार कौतुक वाटलं. जगात काहीतरी इतकं नीट जपता येतं म्हणायचं.

अडचण एकच होती. आमच्या छपरावर नेटसाठी डिश होती, पण मोबाईलला रेंज फक्त मागच्या चढावर, पाण्याच्या टाकीवर. आणि त्या आकड्याचं आयुष्य माशीएवढं. म्हणून मी टाकीवर चढून बसायचो, आकडा आला की पेनानं तळहातावर लिहायचो आणि पंचावन्न वर्षांचं शरीर घेऊन उतारावरून पळत सुटायचो. खाली जंगम कीबोर्डवर बोटं ठेवून तयार. “बोला सर, बोला!” मी धापा टाकत तळहात त्याच्या नाकासमोर धरायचो. घामानं एखादा आकडा पुसला गेला असेल, तर पुन्हा टाकी.

त्या दिवशीही असाच पेपर उघडला. प्रिंटरमधून एकच प्रत निघाली आणि तीच शालनच्या पुढ्यात होती.

आता तिला त्या पेपरचं एवढं काय होतं, ते सांगितलं पाहिजे. शालन पलीकडच्या वस्तीवर अंगणवाडी सेविका होती. चाळिशीला टेकलेली. मुख्य सेविकेची जागा निघाली होती, तिला पदवी लागत होती, आणि शालनची पदवी या एका पेपरापाशी अडली होती. मागं एकदा ऐन परीक्षेच्या सकाळी लाँच बंद पडली. पुढच्या वेळी सासू दवाखान्यात. जुना अभ्यासक्रम विद्यापीठानं कधीच गुंडाळला होता. तिच्यासारख्या मागं राहिलेल्यांना शेवटची संधी म्हणून हे सत्र दिलं होतं. या वेळी हुकलं, की आधी पास झालेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या वर्षापासून.

ती महिनाभर दुपारची यायची आणि ग्रंथालयात बसून वाचायची. मला ग्रंथपालाचंही काम होतं, म्हणून मीही तिथंच. बोलणं फारसं नसायचं. जाताना मात्र ती दारात थांबून विचारायची, “सर, जेवलात न्हवं?” मी हो म्हणायचो. जेवलो असो की नसो.

म्हणून मी पुन्हा तिच्या बाकापाशी गेलो.

“कुठल्या प्रकरणावर आलेत प्रश्न?”

“कारखान्यांवर हायेत, सर. कामगार संघटना, यंत्रं, संप. आमच्या पेपरात गाव हाय. जात, कुटुंब, बलुतेदारी, गावकी. मी गावच वाचलंय समदं.” तिनं दाराकडं बोट केलं. “भायेर पिशवीत पुस्तक हाय माझं. तुम्हीच बघा. मी न्हाई हात लावत.”

वऱ्हांड्यात तिची नायलॉनची पिशवी खुंटीला होती. मी पुस्तक काढलं. मी भूगोलाचा माणूस. समाजशास्त्रातलं मला कळत नाही, पण अनुक्रमणिका वाचता येते. वर विद्यापीठाचं नाव, पेपरचं नाव, सगळं तिच्या प्रश्नपत्रिकेवर होतं तेच. आत मात्र कारखान्याचा ‘क’सुद्धा नव्हता. दोन्ही कागद शेजारी धरून मी तीनदा पाहिलं. ही बाई खरं बोलत होती आणि मी तिला घाबरट ठरवून मोकळा झालो होतो. मला माझीच लाज वाटली.

“जंगम, विद्यापीठाला ईमेल करा. लगेच.”

“करायचा तर करतो सर, पण तिकडं ईमेल वाचतंय कोण? मागल्या वर्षीच्या ईमेलचं उत्तर अजून यायचंय.”

“तुम्ही करा. मी टाकीवर जातो. आणि पर्यवेक्षक म्हणून तुम्ही वर्गात बसा.”

प्रश्न एका कागदावर उतरवून घेऊन मी टाकीवर चढलो. तिथं वारं होतं. पौषातलं ऊन अंगाला लागत नव्हतं. बऱ्याच वेळानं परीक्षा विभागाचा फोन लागला.

“परीक्षा विभाग. बारटक्के बोलतेय.” बाईंचा आवाज तरुण आणि कामसू होता.

“मॅडम, निवळी केंद्रावरून केंद्रप्रमुख कुंभोजकर. समाजशास्त्र जुन्याचा पेपर चुकीचा आलाय.”

“मोठ्यानं बोला, सर. तुटतंय. वरचा क्रमांक काय आहे?”

मी मोठ्यानं क्रमांक सांगितला.

“क्रमांक बरोबर आहे. म्हणजे पेपर बरोबर आहे.”

“क्रमांक बरोबर आहे, प्रश्न चुकीचे आहेत. तुमच्याकडं उघडून बघा ना एकदा.”

“मला कसा दिसणार, सर?” त्या जरा दुखावल्याच. “पेपर काढणाऱ्यांकडून तो कुलूप लावूनच येतो. आमच्याकडं बंद येतो, बंदच पुढं जातो. मधे कुणीच वाचू शकत नाही, हेच तर या पद्धतीचं वैशिष्ट्य आहे.”

“मग ज्यांनी काढला त्यांना विचारा.”

“त्यांचं नाव गोपनीय असतं. आम्हालाही.”

“बरं, दुसऱ्या केंद्रांना विचारा. तिथंही हाच गेला असेल.”

पलीकडं कीबोर्डचा आवाज आला. “सर, या पेपरला दुसरं केंद्र नाही. पूर्ण विद्यापीठात एकच परीक्षार्थी आहे. तुमच्याकडची.”

म्हणजे तो पेपर काढणारा कोणी अनोळखी विद्वान सोडला, तर या पृथ्वीतलावर ते प्रश्न वाचलेली माणसं दोनच होती: शालन आणि मी. त्या विद्वानानं दोन पेपर काढले असणार आणि कुलूप लावताना एकाचे प्रश्न दुसऱ्याच्या मथळ्याखाली घातले असणार. एरवी एखाद्या कारकुनाच्या, छापखान्यातल्या कुणाच्या तरी नजरेला हे पडलं असतं. आता मधे नजरच उरली नव्हती.

“मॅडम, मी प्रश्न वाचून दाखवतो. तुमच्यासमोर अभ्यासक्रम असेल. तुम्हीच ठरवा.”

“नाही!” त्या जवळजवळ ओरडल्या. “परीक्षा चालू असताना फोनवर प्रश्न वाचायचे नाहीत, सर. त्याला पेपर फोडणं म्हणतात. हा कॉल रेकॉर्ड होतो. तुमची नोकरी जाईल.”

“मग काय करू?”

“वेळ संपेपर्यंत थांबा. संपल्यावर वाचा, काही हरकत नाही.”

“तोवर ती काय करेल?”

“जमेल ते लिहील. मग तक्रार अर्ज करायचा. तो समितीपुढं जाईल.”

“समिती कधी बसते?”

“निकाल लागल्यावर.”

“आणि जुना अभ्यासक्रम?”

त्यांनाही उत्तर ठाऊक होतं. “तो या सत्रानंतर बंद आहे, सर,” त्या हळू म्हणाल्या. “मला खरंच वाईट वाटतंय.”

टाकीवरून वर्गाची खिडकी दिसायची. शालन हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. पेन बंदच. जंगम दारात खुर्ची टाकून बसला होता. ती रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती माझी वाट बघत होती. मी वर गेलोय म्हणजे काहीतरी करूनच खाली येणार, असा त्या बसण्यात विश्वास होता, आणि माझ्यावर असा विश्वास टाकून कुणी बसलंय, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

पेन्शनला तीन वर्षं उरली होती. मी खिशातून प्रश्न उतरवून घेतलेला कागद काढला.

“बारटक्के मॅडम, ऐकताय?”

“सर, प्लीज—”

“प्रश्न पहिला. औद्योगिक क्रांतीनं कामगारांच्या कौटुंबिक जीवनात झालेले बदल स्पष्ट करा. प्रश्न दुसरा. कामगार संघटनांच्या वाढीची कारणं लिहा.”

वारा मधे येत होता, म्हणून मी बेंबीच्या देठापासून वाचत होतो. टिपांसकट सगळा पेपर वाचला. वाचून झाल्यावर पलीकडं कोणी आहे की नाही कळेना.

“दुसरा प्रश्न पुन्हा वाचा,” बाई म्हणाल्या.

मी वाचला.

“हा जुना अभ्यासक्रम नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर पुस्तिका आहे. तुमचं बरोबर आहे.” मग एकदम त्यांचा आवाज बदलला. “राखीव संच आहे. मी साहेबांची परवानगी घेऊन आत्ता सोडते. आकडा येईल, टाकीवरच थांबा. तिला वेळ वाढवून द्या, मी लेखी पाठवते. आणि सर, मला हे वर कळवावं लागेल. मी कळवलं नाही तरी रेकॉर्डिंग आहेच.”

“कळवा,” मी म्हणालो. “तुमचं काम तुम्ही करा.”

आकडा आला. मी तळहातावर लिहिला आणि असा पळालो, की मधल्या दगडाला ठेचकाळून गुडघा फोडून घेतला. जंगम कॉम्प्युटरकडं धावला. दुसरी प्रत निघाली. पहिल्या प्रश्नात ‘बलुतेदारी’ हा शब्द बघून मी ती शालनच्या हातात दिली, तर तिनं आधी माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

“रगत आलंय, सर.”

“येऊ दे. तुमचा आहे का हा?”

तिनं वरून खालपर्यंत नजर फिरवली. “माझाच हाय,” म्हणाली, आणि पेन उघडलं. मग वर बघितलं नाही. शेवटची लाँच निघायची वेळ झाली तेव्हा जंगम धक्क्यावर जाऊन लाँचवाल्याशी हुज्जत घालून आला. ती लिहून संपेपर्यंत लाँच थांबली. वाट बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी आम्हा सगळ्यांचा उद्धार केला म्हणे.

निकाल उन्हाळ्यात लागला. शालन पास झाली, पहिल्या वर्गात नव्हे, पण व्यवस्थित. आणि त्याच सुमाराला माझी चौकशी आली. गोपनीयतेचा भंग, खुल्या जागी प्रश्नपत्रिकेचं मोठ्यानं वाचन.

समितीत तिघं होते. अध्यक्ष डॉ. मिराशी, निवृत्त प्राचार्य, सभ्य माणूस. लाँचमधून उतरतानाच त्यांना गरगरलं, तरी लिंबूपाणी घेऊन लगेच कामाला लागले. मी काही नाकारलं नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: मी वाचलं ते फोनवरच्या बाईंखेरीज आणखी कुणी ऐकलं का? ऐकलं असेल तर पेपर फुटला. नसेल तर नाही.

त्यांनी प्रयोगच केला. एक सदस्य टाकीवर चढले आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचू लागले. दुसरे वर्गात जाऊन बसले, मग धक्क्यावर गेले, मग पायवाटेला; कुठंच त्यांना शब्द ऐकू आला नाही. मिराशी आणि मी सावलीत उभे. माळावर वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

“इथं राहतं कोण?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“आणखी?”

“मीच.”

“संध्याकाळी फिरायला वगैरे कुणी येत असेल? गुराखी?”

“पलीकडच्या काठाला असतात, सर. इकडं नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग साक्षी झाल्या. जंगमनं सांगितलं, तो वर्गाच्या दारात होता, त्याला शब्द ऐकू आला नाही. शेवटी शालनला बोलावलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, हातात पेढ्यांचा पुडा. तो कुणापुढं ठेवावा ते न कळून मांडीवर धरून बसली.

“परीक्षेच्या वेळी केंद्रप्रमुख टाकीवर काही वाचत होते, हे तुम्हाला कळलं?”

“न्हाई, साहेब. ऐकू कायबी आलं न्हाई.”

“दिसले तरी?”

“दिसले की. खिडकीतनं दिसत हुते. तोंड हलत हुतं.”

मिराशींनी चष्मा वर केला. “मग तुम्हाला शंका नाही आली? इतका वेळ ते मोठ्यानं काय बोलतायत?”

शालननं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. “न्हाई आली. मला वाटलं, सर नेहमीगत एकटंच बोलत असतील.”

“नेहमीगत म्हणजे?”

“बोलत्यात की, साहेब. टाकीवर बसून. वऱ्हांड्यातबी. सगळ्यांना ठावं हाय. लाँचमधनं जाता-येता दिसतंय.” मग घाईनं म्हणाली, “वाईट कायबी न्हाई त्यात. लई चांगलं मानूस हाय.”

जंगम खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला. मी माझ्या मते गप्प असायचो. मिराशींनी खाकरून पेन टेकवलं आणि लिहायला लागले. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता माळावरून चालत सुटावं आणि पाण्यापर्यंत थांबू नये.

समितीची लाँच निघेपर्यंत शालन धक्क्यावर रेंगाळली. पेढ्यांचा पुडा तिनं माझ्या हातात दिला.

“सर, रागावला का? मी खोटं कसं सांगू?”

“नाही हो. तुमच्या साक्षीनं मी सुटेन बहुतेक.” मग न राहवून विचारलं, “शालनताई, काय बोलतो मी?”

“ते न्हाई ठावं, सर. एवढ्या लांबनं काय ऐकू येतंय? नुसतं हात हालताना दिसत्यात.” ती लाँचमध्ये चढली. “जेवत जा येळेवर,” म्हणाली. पुढच्याच आठवड्यात ती मुख्य सेविका म्हणून दुसऱ्या तालुक्यात रुजू झाली. तिचं भलं झालं. तो पेपर वाचल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आज साताऱ्यात पेन्शन घेत बसलोय तेव्हाही नाही.

निष्कर्षाचा कागद आषाढात आला. जंगमनं तो ऑफिसात फोडला आणि वाचता वाचता उडालाच. “सुटलात, सर! निर्दोष! ऐका.” आणि त्यानं वाचून दाखवलं: केंद्रप्रमुखांनी प्रश्नपत्रिकेचं वाचन केलं हे सिद्ध होतं. तथापि स्थळाची पाहणी व साक्षी यांवरून, त्यांचं बोलणं ऐकण्यास त्या परिसरात कोणीही मनुष्य उपस्थित नव्हता व एरवीही नसतो, अशी समितीची खात्री झाली आहे. सबब गोपनीयतेचा भंग झाला नाही.

“काय लिवलंय बघा! एकदम पक्कं,” जंगम म्हणाला.

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग जंगमकडं पाठ फिरवून पुन्हा एकदा वाचला. तीन शिकलेली माणसं लांबून आली, माळावर उभी राहिली, मोजमाप करून गेली आणि माझं जगणं एका ओळीत लिहून, त्यावर शिक्का मारून पाठवलं. एकही शब्द खोटा नव्हता.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: वरील निष्कर्ष मला मान्य आहेत. तिच्यापुढं जागा सोडलेली.

“अमान्य असंल तर अपील करायचं म्हणे महिन्यात,” जंगम हसला. “सुटलेला मानूस कशाला अपील करतोय? करा सही. दुपारच्या लाँचनं धाडून देतो.”

त्यानं पेन पुढं केलं. मी सही केली.